राजाच्या पोरक्या लेकी

मुंबई बेट आंदणात दिलं गेलं, हे आपण सगळ्याजणी शाळेत शिकलो. १६६१ साली पोर्तुगालच्या राजानं बहीण कॅथरिनच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला ते देऊन टाकलं. आपल्याकडे आंदणात घागर, परात, फार तर गोदरेजचं कपाट. तिकडे अख्खं बेट! वर्गात आम्ही या गोष्टीवर खूप हसलो होतो. पण त्याच काळात याच्या उलट प्रकारही चालू होता, तो कुणी शिकवला नाही. वसाहतीत आपली माणसं टिकून राहावीत म्हणून युरोपातले राजे मुलीच जहाजात बसवून पाठवत होते. आईबाप नसलेल्या, गरीब, ज्यांच्यासाठी भांडायला कुणी नाही अशा मुली. सोबत थोडं आंदण, आणि पोचल्यावर तिथल्या शिपायाशी किंवा शेतकऱ्याशी लग्न.

सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत बचत गटांचं काम करताना एक वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! “पोरीचं लग्न लागलं की सुटलो बापा.” कर्जापायी बाप गेला, की तेराव्याच्या आत सोयरेधायरे मुलीच्या लग्नाचं बोलायला लागतात. गाव वर्गणी काढतं, एखादी संस्था सामूहिक विवाहात नाव घालते. हेतू वाईट नसतो. पण मुलीच्या पुढच्या आयुष्याचा विचार लग्नापाशी येऊन थांबतो. म्हणून या राजाच्या लेकींबद्दल वाचायला लागले, तेव्हा ही गोष्ट मला फार लांबची वाटली नाही.

आधी फ्रान्सची गोष्ट सांगते. चौदाव्या लुईची कॅनडात वसाहत होती, तिला नवा फ्रान्स म्हणत. तिथे पुरुष भरपूर, बायका नाहीत. कडाक्याची थंडी आणि जंगल. पुरुष यायचे, फरचा व्यापार करायचे आणि परत जायचे. मग १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत सरकारी खर्चानं साडेसातशे ते आठशे मुली तिकडे पाठवण्यात आल्या. त्यांना नावच पडलं ‘राजाच्या मुली’. बऱ्याच जणी पॅरिसच्या अनाथालयातल्या होत्या.

प्रत्येकीला एक छोटी पेटी मिळायची, आणि तिच्यात काय असायचं ते लिहून ठेवलेलं आहे. डोक्याची टोपी, रुमाल, मोज्यांची जोडी, हातमोजे, कंगवा, कात्री, दोन सुऱ्या, पांढरा दोरा, शंभर सुया आणि हजार टाचण्या. वर चांदीची थोडी नाणी. ही यादी मी आमच्या गटात वाचून दाखवली, तर एक मावशी म्हणाल्या, “हजार टाचण्या कायले वं? तिले जलमभर शिवतच बसा लागलं असन!” खरंच आहे. जिथे दुकान नाही, शिंपी नाही, तिथे जन्मभराच्या सुया माहेरून न्यायच्या. फक्त इथे माहेर म्हणजे सरकार.

लग्न लावायची सरकारला भारी घाई. १६७० साली हुकूम निघाला, की जहाजं आल्यापासून पंधरा दिवसांत जो अविवाहित पुरुष लग्न करणार नाही त्याला शिकार, मासेमारी, जंगलातला व्यापार बंद. मुलगी सोळाची आणि मुलगा विसाचा होऊनही लग्न लावलं नाही तर बापाला दंड. उलट ज्याची दहा मुलं हयात असतील त्याला वर्षाला तीनशे लिव्र बक्षीस, बारा असतील तर चारशे. आणि त्याच हुकमात एक मजेशीर अट होती. पाद्री किंवा नन झालेली मुलं यात मोजायची नाहीत! म्हणजे देवाला वाहिलेलं पोर राजाच्या हिशेबात शून्य.

एवढं सगळं वाचून मला वाटलं होतं की या मुलींना तोंड उघडायलाच मिळालं नसेल. पण तसं नव्हतं. क्वेबेकमध्ये उर्सुलाइन पंथाच्या ननांचा मठ होता. १६३९ मध्ये फ्रान्सहून आलेल्या मदर मारी यांनी तो उभारला. नन होण्याआधी त्या स्वतः विधवा होत्या, एका मुलाची आई. त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांतून हा सगळा काळ कळतो. त्या लिहितात, की शहाणे पुरुष लग्नाच्या वर्षभर आधीच घर-जमीन तयार करू लागतात, कारण मुली पहिल्यांदा चौकशी करतात ती त्याचीच. घर नसलेल्याला चांगली मुलगी मिळायची नाही. पटलं नाही तर मुलगी नाही म्हणू शकत होती. लग्नाचे लेखी करार व्हायचे आणि ते मोडलेही जायचे.

मुलींना ही सवड मिळाली, कारण जहाजातून उतरल्यावर त्या थेट पुरुषांच्या गर्दीत जात नव्हत्या. मॉन्ट्रियलला त्यांना उतरवून घ्यायला एक बाई हजर असायच्या, मार्गरीत बुर्ज्वा. १६५८ साली त्यांनी एका गोठ्यात शाळा सुरू केली होती. आलेल्या मुलींना त्या आपल्याजवळ ठेवत, भाकरी भाजण्यापासून थंडीत जगण्यापर्यंत सगळं शिकवत आणि बघायला येणाऱ्या पुरुषांवर डोळा ठेवत. १६६८ मध्ये त्यांनी शेत आणि घर विकत घेतलं, तिथेही या मुली राहिल्या. शहरातून आलेल्या, कधी चूल न पेटवलेल्या मुली होत्या त्या. अशा वेळी मायेची एक बाई पाठीशी असणं म्हणजे काय, हे लग्नानंतर लांबच्या गावी गेलेल्या कुणालाही विचारा.

आता आपल्या जवळच्या गोष्टीकडे येऊ. फ्रान्सच्या शंभर वर्षं आधी हा उद्योग पोर्तुगालनं केला होता, आणि तोही आपल्या गोव्यात. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कनं आपल्या शिपायांची लग्नं इथल्याच बायकांशी लावली. लढाईत ज्यांची माणसं मारली गेली त्याच बायका, बाप्तिस्मा देऊन. त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. पुढे १५४५ च्या सुमारास लिस्बनहून मुली यायला लागल्या. तिथल्या किल्ल्यातल्या अनाथ मुलींच्या आश्रमातून त्या निवडल्या जात. ‘राजाच्या पोरक्या’ हेच त्यांचं नाव. एका वर्षी पाच-सात, कधी दहा-पंधरा. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांचा प्रवास, आणि त्यात किती माणसं मरत याला सुमार नव्हता.

यांच्या आंदणाची तऱ्हा न्यारी होती. राजा त्यांना पैसे देत नसे, नोकरी देत असे. म्हणजे मुलीशी लग्न करणाऱ्याला! कुठे कारकुनाची जागा, कुठे वखारीवरची, कुठे छोट्या किल्ल्यावरची. पद मुलीच्या नावाचं, बसणार नवरा. कागदावर हे छान दिसतं. पण एकेका जागेसाठी आधीच रांग लागलेली असे आणि काही जागांत कमाईच नसे. मग अशा मुलीला मागणी येईना. राजाच्या भरवशावर समुद्र ओलांडून आलेली मुलगी गोव्यात वाट बघत बसायची. स्थानिक पोर्तुगीजांचीही कुरकुर असे, की आमच्या मुली घरात बसल्यात, ही पदं त्यांना द्या, लिस्बनहून आणखी कशाला पाठवता?

इंग्रजांनी मुंबईत हेच करून पाहिलं. १६७१ च्या सुमारास कंपनीनं वीसेक बायका मुंबईला पाठवल्या. त्यांत कुलीन किती आणि इतर किती अशी वर्गवारीसुद्धा होती. वर्षभर पोसू, तोवर लग्न करा, असा सगळा रोख व्यवहार. काहींची लग्नं झाली, काहींची नाही. चारेक वर्षांनी कंपनीचं पत्र आलं, की ज्या बायकांचं वागणं बरं नाही त्यांना ताकीद द्या, नाही सुधारल्या तर कोंडून ठेवा आणि परतीच्या जहाजात चढेपर्यंत नुसत्या पाव-पाण्यावर ठेवा. वर्षाची मुदत संपल्यावर त्या परमुलखात या बायकांनी पोट कसं भरायचं होतं? त्याचं उत्तर कंपनीला कुणी मागितलेलं दिसत नाही.

गोव्यात निदान डोक्यावर छप्पर होतं. आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात, सोळावं शतक संपता संपता आणि सतरावं सुरू होताना, जुन्या गोव्यात बायकांसाठी दोन आश्रयगृहं निघाली. एक ‘अवर लेडी ऑफ सेरा’ या नावाचं, चांगल्या घरच्या अनाथ मुलींसाठी. नवरे मोहिमेवर गेले की बायकांना तिथे ‘ठेवून’ जात, बँकेच्या लॉकरमध्ये दागिने ठेवावेत तसं. दुसरं मेरी मॅग्डालेनच्या नावाचं, ज्यांना समाजानं वाईट ठरवलं त्या बायकांसाठी. दोन्हींचा कारभार मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय मंडळाकडे, आणि ते मंडळ सगळं पुरुषांचं.

तिसरी वास्तू मात्र बायकांच्या कारभाराची होती. १६०६ मध्ये स्थापन झालेला सांता मोनिकाचा मठ. आमच्या गटाच्या बायकांना घेऊन मी गोव्याला गेले होते, तेव्हा सगळ्या आधी ‘बॉम जीझस’च्या चर्चमध्ये रमल्या. मी त्यांना टेकडीवर ओढत नेलं. केवढी ती तीन मजली इमारत! भिंतींना बाहेरून दगडी आधार दिलेले, एखाद्या गढीसारखे. शंभर ननांची सोय होती तिथे. १६३६ मध्ये आगीत जळाला, पुन्हा बांधला. एकदा आत गेलेली नन मरेपर्यंत बाहेर येत नसे, भेटायचं ते जाळीआडून. आत समानता होती असंही समजू नका. आंदण घेऊन आलेल्यांचा पदर काळा, कामाच्या बहिणींचा पांढरा, आणि त्यांच्याही खाली दासी आणि गुलाम बायका. इथल्या मातीतल्या बायकांना वरच्या पायरीवर जागा जवळजवळ नव्हतीच.

पण मला खरी गंमत वाटली ती गोव्याच्या नगरपालिकेची. हा मठ भरू लागला तशा नगरपालिकेच्या तक्रारी राजाकडे जाऊ लागल्या. श्रीमंत घरच्या मुली आणि विधवा मठात जातात, त्यांचं धन मठात जातं, मग आमच्या पुरुषांनी लग्न कुणाशी करायचं? एकीकडे राजा जहाजानं नवऱ्या पाठवतोय आणि दुसरीकडे ज्या इथे आहेत त्या लग्नच नको म्हणून दार लावून घेताहेत. सगळ्याच आपखुशीनं गेल्या नसतील. आंदण वाचवायला बापानं कोंडलेल्याही असणार. मठाला द्यावी लागणारी रक्कम चांगल्या स्थळाच्या मानानं कमी असे, हा हिशेब युरोपभर चालायचा. पण आत गेल्यावर लिहायला-वाचायला, गायला मिळे, हिशेब ठेवायला मिळे, आणि आपली मुख्य आपणच निवडायची. त्या काळी बाईला हे आणखी कुठे मिळणार होतं? गोव्याचं बेबिंका याच मठातल्या एका सिस्टरनं पहिल्यांदा केलं अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण आम्ही त्या दिवशी ते आवडीनं खाल्लं.

पुढे १८३० च्या दशकात पोर्तुगालनं धार्मिक पंथ बंद केले. ननांना हाकललं नाही, पण नवीन घ्यायला मनाई केली. मठ हळूहळू रिकामा होत गेला. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. त्या एवढ्या मोठ्या वास्तूत तिनं अखेरचे दिवस कसे काढले असतील, हा विचार मला परतीच्या गाडीत सोडेना. नंतर तिथे पलटण राहिली. १९६४ साली मात्र सिस्टरांच्या शिक्षणाची मातेर देई संस्था तिथे सुरू झाली, आणि जिथून बाहेर पडायला बंदी होती तिथून शिकून सिस्टर बाहेर पडू लागल्या.

या बाहेर पडण्याचीही गोष्ट फ्रान्सपासूनच सुरू होते. सोळाव्या शतकात चर्चनं नियम कडक केला होता, की नन म्हटली की ती चार भिंतींतच हवी. १६३३ मध्ये पॅरिसला लुईझ द मारियाक नावाची एक विधवा आणि व्हिन्सेंट द पॉल हे धर्मगुरू यांनी यातून वाट काढली. त्यांनी खेड्यातल्या मुली गोळा केल्या, त्यांना नन म्हटलंच नाही, आणि कायमच्या शपथेऐवजी वर्षावर्षाची शपथ दिली. मग त्या रस्त्यावर, आजाऱ्याच्या घरात, कुठेही जायला मोकळ्या. १६५० मध्ये ल पुई या गावी सहा बायकांनी असाच सेंट जोसेफच्या भगिनींचा गट काढला. लेस विणून त्या पोट भरत आणि गावाची सेवा करत. आपल्या बचत गटासारखंच वाटतं की नाही?

याच सेंट जोसेफच्या सिस्टर पुढे आपल्या दिशेला आल्या. १८४९ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या सावॉय प्रांतातल्या आनसी गावाहून त्या आंध्रातल्या यानमला उतरल्या. नागपूर-कामठीचा मुलूख तेव्हा विशाखापट्टणमच्या बिशपच्या अखत्यारीत होता, १८८७ पर्यंत. कामठीच्या छावणीतलं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट नागपूरकडच्या मैत्रिणींना माहीत असेलच. आणि आमच्या सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात खेड्यातला म्हातारा नर्सला “सिस्टर, पानी द्या ना” म्हणतो, तो शब्दही या ननांकडूनच आलेला आहे.

ख्रिस्ती भगिनींचं काम म्हटलं की आपल्याकडे लगेच धर्मांतराचा वाद निघतो. तो वाद आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलेलं एकदा वाचावं. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टरांकडेच उतरल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या सिस्टरांचं लंडनच्या फुलम भागात ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी घर होतं. ते पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांशी कुणी मायेनं वागतं, त्यांना पुन्हा माणसात आणतं, हे त्यांनी आपल्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पुढे सिस्टरांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. सांगितलं ते मुकाट्यानं मानणाऱ्या त्या नव्हत्याच. पण १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं आणि नंतर केडगावला मुक्ती सदन, त्यात अशाच बायकांसाठी कृपा सदन. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. त्यांनी पुनर्विवाह केला महर्षी कर्व्यांशी, पण आधी शिकल्या.

आमच्याकडे पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर काढलं तेही बहिणींसाठीच. धाम नदीच्या काठी या बहिणी शेती करतात, छपाई करतात आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घेतात. लग्न न करता बाईनं आयुष्य काढायचं, तेही मानानं, आणि वर कुणी पुरुष महाराज नाही. सेवाग्रामला येणारे लोक बापूकुटी पाहतात आणि परततात. ही कुटी आधी मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. गांधीजींचं नाव त्यांना सांगितलं होतं एका फ्रेंच लेखकानं, रोमाँ रोलाँनी. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी समुद्र ओलांडून आली ती कुणाची बायको व्हायला नाही आणि मठात राहायलाही नाही.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. अनाथ किंवा निराधार मुलींच्या वसतिगृहांतून लग्नं जुळवली जातात. स्थळं येतात, मुली दाखवल्या जातात, थाटात लग्न होतं, पेपरात फोटो येतो. कन्यादानाला मोठी माणसं येतात. विदर्भातून लांबच्या राज्यांत मुली ‘लग्न करून’ नेल्या जातात हेही आता लपलेलं नाही. मध्यस्थ पैसे घेतो, मुलीला भाषा येत नाही, परत यायचा रस्ता माहीत नसतो. अशा वेळी मार्गरीतबाईंच्या घरासारखी एक जागा मधे असावी, जिथे मुलगी चार महिने राहील, चौकशी करेल आणि नाही म्हणेल, असं मला फार वाटतं. आमच्या गटानं स्वतःपुरते दोन नियम केले आहेत. वर्गणी काढायची ती लग्नासाठी नाही, शिक्षणासाठी. आणि मुलगी बघायला कुणी आलं, की आधी मुलीनं प्रश्न विचारायचे, मग त्यांनी.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाहुणे चांगलेच गोंधळले होते. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. वडील गेलेले, काका बोलणी करायला बसलेले. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि मुलालाच विचारलं, “घर सोताचं हाय का किरायाचं?” काकांनी डोळे वटारले. मुलगा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला किरायाचं आहे, महिन्याला अठराशे. “मंग आणखी दोन वर्सं थांबा,” ती म्हणाली, “मीबी कमावते तोवर.” मुलाची आई तेव्हा रागानं उठून गेली होती. पण महिन्याभरानं मुलगा एकटाच आला, आणि तिची परीक्षा कधी संपते ते विचारून गेला.